पियानोच्या वर्गात डाव्या हातालाही काम द्यावे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका जाणकार वाचकांनी असे मत मांडले होते की, पियानो किंवा कीबोर्ड कॉर्डच्या, म्हणजे एकदम दाबलेल्या स्वरांच्या गटाच्या, आधाराने शिकणे ही मेहनत टाळण्यासाठी काढलेली पळवाट आहे आणि या पद्धतीने शिकलेल्या मुलांची बोटे कधीच तयार होत नाहीत. पत्रलेखकांची संगीताविषयीची तळमळ खरी आहे आणि हल्लीच्या वर्गांमधल्या उथळपणाबद्दल त्यांनी जे लिहिले आहे त्यातील बरेचसे मलाही पटते. मात्र मिरजेत वाढलेली, लहानपणी पेटी शिकलेली आणि बँकेतून निवृत्त झाल्यावर, साठी ओलांडल्यानंतर, कॉर्डच्याच वाटेने पियानोकडे वळलेली एक विद्यार्थिनी म्हणून त्यांच्या निष्कर्षाशी असलेला माझा मतभेद मला नोंदवावासा वाटतो. आपल्या जिल्ह्यातील कीबोर्डच्या वर्गांत कॉर्ड फार शिकवल्या जातात अशी माझी तक्रार नाही. त्या जवळजवळ शिकवल्याच जात नाहीत, ही माझी तक्रार आहे.

हे मत कशातून बनले ते आधी सांगते. तीन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात आमच्या गल्लीतल्या मंडळाला आरतीसाठी पेटीवाले मिळाले नाहीत, म्हणून शेजारच्या घरातील सातवीत शिकणाऱ्या मुलीला कीबोर्ड घेऊन बोलावण्यात आले. ती तीन वर्षे एका वर्गाला नियमित जात होती, तिला वीसेक गाणी ‘बसली’ होती आणि स्नेहसंमेलनात तिने बक्षीसही मिळवले होते. बायकांनी नेहमीप्रमाणे काळी चारमध्ये, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी सा धरून, आरती उचलली आणि ती मुलगी पहिल्याच ओळीला थांबली. तिची सगळी गाणी पांढरी एकपासून, पट्ट्यांवर चिकटवलेल्या अक्षरांच्या आधाराने, फक्त उजव्या हाताने पाठ केलेली होती. समोरचा गळा दुसऱ्या पट्टीत लागला तर काय करायचे, चाल माहीत नसेल तर निदान आधार कसा द्यायचा, हे तिला कोणी कधी सांगितलेच नव्हते. आरती संपेपर्यंत ती पट्ट्यांवर हात ठेवून नुसती बसून राहिली आणि नंतर घरी जाऊन रडली. तिच्या शिक्षकांवर दोष ठेवावा असे मला वाटत नाही, कारण आम्ही पालक आणि आजी-आजोबाच त्यांना दर महिन्याला ‘किती गाणी बसली?’ एवढेच विचारत असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली, तेव्हा मी तिला एकच गोष्ट दाखवली. काळी चार हा सा धरावा, तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या क्रमाने मोजत पुढची चौथी पट्टी गाठावी, तो गंधार, म्हणजे ग. त्यापुढची तिसरी पट्टी, तो पंचम, म्हणजे प. म्हणजे काळी चार, वरची पांढरी एक आणि काळी दोन. हे तीन स्वर एकदम दाबले की मेजर कॉर्ड तयार होते. हाच ‘चार आणि तीन’चा हिशेब मध्यमापासून केला की काळी एक, पांढरी चार आणि काळी चार मिळतात, पंचमापासून केला की काळी दोन, पांढरी पाच आणि काळी पाच. आमच्या मंडळात म्हटल्या जाणाऱ्या बहुतेक आरत्यांना एवढ्या तीन कॉर्डवर आधार देता येतो. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी त्या मुलीने चाल वाजवण्याचा प्रयत्नच केला नाही. तिने दोन्ही हातांनी फक्त या तीन कॉर्ड धरल्या, योग्य जागी बदलल्या आणि पंचवीस-तीस बायकांचे गाणे सुरात बांधून ठेवले. तीन वर्षांत वीस गाणी पाठ करून जे साधले नव्हते ते आठ दिवसांत साधले, याला पळवाट कसे म्हणावे हे मला कळत नाही.

कॉर्ड या शब्दाचा अनेकांना उगाचच धाक वाटतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. तीन किंवा अधिक स्वर एकाच वेळी वाजले की कॉर्ड होते. चार पट्ट्या आणि मग तीन पट्ट्या या अंतराने मेजर कॉर्ड होते; क्रम उलटा करून आधी तीन आणि मग चार पट्ट्या मोजल्या की गंधार कोमल होतो आणि मायनर कॉर्ड तयार होते. सप्तकातल्या बारा पट्ट्यांपैकी कुठलीही आरंभाला घेता येत असल्याने बारा मेजर आणि बारा मायनर अशा एकूण चोवीस कॉर्ड होतात, आणि त्या सगळ्या या एका हिशेबात बसतात. चोवीस आकृत्या पाठ करायला लावणे आणि एक मोजणी समजावून देणे यांत जो फरक आहे, तोच फरक गाणी बसवणे आणि संगीत शिकणे यांत आहे असे मला वाटते.

खरी गंमत मात्र याच्या पुढची आहे आणि ती हातांनी अनुभवल्याशिवाय पटत नाही. पांढरी एक सा धरून डाव्या हाताची करंगळी, मधले बोट आणि अंगठा यांनी सा, ग, प वाजवावे. आता सा तसाच ठेवून ग चा म करावा आणि प चा ध करावा. बोटे जेमतेम एक-दोन पट्ट्या सरकली, पण कॉर्ड बदलली, कारण सा, म, ध हे मध्यमाच्या कॉर्डचेच स्वर आहेत. परत मूळ जागी येऊन या वेळी प तसाच ठेवावा, सा वरून खालच्या निषादावर यावे आणि ग वरून ऋषभावर. नि, रे, प ही पंचमाची कॉर्ड झाली. पुन्हा मूळ जागी येऊन फक्त प चा ध केला की सा, ग, ध ही धैवताची मायनर कॉर्ड मिळते आणि त्याच जागी, त्याच हाताखाली, संगीताचा रंग एकदम गहिरा होतो. प्रत्येक वेळी एक किंवा दोन स्वर जागेवर राहतात आणि उरलेले शेजारी सरकतात. पियानोवर हात उड्या मारत नाही, तो चालतो, हे मला या चार कॉर्डनी शिकवले. ज्या मुलाला हे सरकणे बोटांत आणि कानांत एकदम कळले, त्याची बोटे तयार होत नाहीत असे म्हणणे धाडसाचे आहे.

आपल्याकडे डावा हात मागे का राहिला, याचे कारण मला आपल्या पेटीत सापडते. हातपेटीचा भाता डाव्या हाताने हलवावा लागतो, त्यामुळे वाजवायला एकटा उजवा हात उरतो, आणि त्या एका हाताने गळ्याच्या मागे सावलीसारखे जायचे ही आपल्या साथीची रीत पडली. ती रीत श्रेष्ठच आहे आणि तिच्यातून मोठमोठे वादक घडले. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत नाटक उभे केले तेव्हापासून नाट्यपंढरी म्हणवून घेणाऱ्या आपल्या शहराला हेही ठाऊक आहे की, पुढे संगीत रंगभूमीवर पायपेटी आणि ऑर्गन आले, भाता पायाखाली गेला आणि वादकाचे दोन्ही हात मोकळे झाले. कीबोर्ड आणि पियानो यांना तर भाताच नाही. तरीही आपण कीबोर्ड पेटीसारखाच शिकवतो आणि डावा हात मांडीवर ठेवून बसवतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे डाव्या हाताच्या एका बोटाने कळ दाबून ठोका, बास आणि कॉर्ड यंत्राकडूनच वाजवून घेतो. अशा तयार साथीवर मूल चार दिवसांत ऐटबाज वाजवू लागते, आईवडील खूश होतात, आणि ज्या तीन स्वरांवर सगळी इमारत उभी आहे ते स्वर त्या मुलाच्या हाताला कधी लागतच नाहीत. पत्रलेखकांनी याला पळवाट म्हटले असते तर मी त्यांच्या शब्दाखाली माझी सही केली असती.

कॉर्ड ही परकी गोष्ट आहे, आपल्या कानाला ती रुचत नाही, असाही सूर त्या पत्रात होता. मिरजेत राहणाऱ्या माणसाने तरी असे म्हणू नये. येथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. तंबोरा चांगला जुळला आणि जवारी, म्हणजे घोडी घासून तारेला आणलेला झंकार, नीट लागली की त्यातून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, हे येथले कारागीर आणि गवई दोघेही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्याचे कारणही सरळ आहे. खर्जाची तार छेडली की तिच्या मूळ कंपनासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट, सहापट अशी कंपनेही उठतात; त्यातली चौपट सा ची असतात, पाचपट गंधाराची आणि सहापट पंचमाची. म्हणजे चार, पाच आणि सहा या प्रमाणातले सा, ग, प, अर्थात मेजर कॉर्डचेच तीन स्वर, आपल्या तंबोऱ्याच्या एकेका तारेत आधीपासून राहतात. लहानपणी शेजारच्या कारखान्यात कारागीर जवारी काढत असताना मी तो गंधार ऐकत बसत असे; साठीनंतर पियानोवर सा, ग, प एकत्र दाबले तेव्हा ती ओळख पुन्हा पटली. आपल्या मुलांचे कान या स्वरांना तयार आहेत, त्यांना फक्त बोटांपर्यंत आणायचे आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. तंबोऱ्यातला गंधार आणि पियानोवरचा गंधार नेमके एक नाहीत. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग केले, ज्यांना सेंट म्हणतात, तर तारेतला स्वयंभू गंधार सा पासून सुमारे ३८६ व्या भागावर येतो आणि पियानोवरचा ४०० व्या भागावर, कारण पियानोत बाराही स्वरांची अंतरे सारखी वाटलेली असतात. पंचमात मात्र जेमतेम दोन भागांचा फरक पडतो. या चढ्या गंधाराचा प्रश्न आपल्या परिसरातल्या विद्वानांना शंभर वर्षांपूर्वीच टोचला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली सप्तकातल्या बावीस श्रुतींविषयीचा, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानांविषयीचा, आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि क्लेमेंट्स या इंग्रज सनदी अधिकाऱ्यासोबत श्रुती हार्मोनियमचा प्रयोगही केला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य त्या कामाला झाले होते. पुढे १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने हार्मोनियमला दूर ठेवले, त्यामागेही बांधीव स्वरांविषयीचा हाच आक्षेप होता. तो आक्षेप रागसंगीतासाठी आजही खरा आहे. तोडी किंवा भैरव यांसारखा राग गाणाऱ्याच्या मागे कोणी कॉर्ड बदलत बसला तर रागाचा जीव जाईल; तेथे फार तर सा आणि प यांचा आधार धरून स्वस्थ बसावे. यमनाच्या मागे शुद्ध मध्यमाची कॉर्ड लावणे तर सरळ चूक आहे. परंतु आरती, प्रार्थना, समूहगीत, भावगीत, चित्रपटगीत हा आपल्या घरोघरच्या गाण्याचा जो मोठा भाग आहे, त्याला ही बंधने लागू पडत नाहीत. हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या संगीतकारांनी कॉर्ड आणि हार्मनी इतक्या कौशल्याने विणली की, आपण दोन-तीन पिढ्या ती ऐकत आलो आणि ती परकी आहे असे आपल्याला कधी वाटलेही नाही.

‘खऱ्या’ पियानोशिक्षणात कॉर्डला दुय्यम स्थान असते, हा समजही इतिहासाला धरून नाही. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचे पट्ट्यांचे तंतुवाद्य) किंवा ऑर्गनवर साथ करणाऱ्यापुढे पुष्कळदा फक्त खालच्या स्वरांची एक ओळ आणि तिच्यासोबत काही आकडे एवढेच लिहिलेले असे; त्या आकड्यांवरून कॉर्ड ओळखून त्या आयत्या वेळी भरणे हेच साथीदाराचे काम होते. थोर संगीतकार बाख यांच्याकडे रचना शिकायला येणाऱ्यांना याच आकडे घातलेल्या बासवर, म्हणजे खालच्या स्वरांच्या ओळीवर, चार स्वर शुद्ध मांडण्यापासून सुरुवात करावी लागे, असे त्यांच्या मुलानेच नंतर लिहून ठेवले आहे. १७२२ साली फ्रेंच संगीतकार रामो यांनी आपल्या ग्रंथात मांडले की, सा-ग-प, ग-प-सा आणि प-सा-ग ही एकाच कॉर्डची तीन रूपे आहेत. वर मी सा, म, ध आणि नि, रे, प असे जे सरकवून दाखवले, त्यामागे हेच तत्त्व आहे. कागदावरचे सगळे स्वर जसेच्या तसे वाजवणे हीच एक रीत, असे त्या काळी कोणी मानत नव्हते.

आता पद्धतीविषयी, कारण पद्धत चुकली तर पत्रलेखकांची भीती खरी ठरेल. माझ्या अनुभवाने पहिला महिना सा-ग-प, सा-म-ध आणि नि-रे-प एवढ्या तिघींवर घालवावा. डाव्या हाताने कॉर्ड धरावी आणि तोंडाने सरगम म्हणावी. उजव्या हाताला घाई करू नये. गाण्याला कॉर्ड कशी शोधायची हा प्रश्न मुले लगेच विचारतात, आणि तालाची सवय असलेल्या आपल्या मुलांना त्याचे उत्तर देणे सोपे आहे. केरव्याच्या आठ मात्रांत समेवर आणि खालीवर, म्हणजे पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर, चालीतला कोणता स्वर येतो ते पाहावे. दादऱ्यात पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर पाहावे. तेथे गंधार असेल तर बहुधा सा ची कॉर्ड लागेल, मध्यम किंवा धैवत असेल तर मध्यमाची, ऋषभ किंवा निषाद असेल तर पंचमाची. षड्‌ज आणि पंचम दोन-दोन कॉर्डमध्ये येतात, तेथे दोन्ही वाजवून कानाला विचारावे. हा नियम शंभर टक्के चालत नाही आणि चालू नयेच, कारण जेथे तो अडतो तेथेच मुलाचा कान जागा होतो. ‘बाई, इथे धैवताची मायनर जास्त गोड लागते,’ असे त्या शेजारच्या मुलीने एकदा आपण होऊन सांगितले, त्या दिवशी मला जो आनंद झाला तो तिच्या बक्षिसाने झाला नव्हता.

काही बारीक गोष्टी शिकवणाऱ्यांनी पहिल्यापासून सांगितल्या पाहिजेत. तीन स्वर जवळजवळ धरलेली कॉर्ड फार खाली, मंद्राच्याही खाली वाजवली तर ती गढूळ लागते. तेथे एकटा सा किंवा सा आणि प वाजवावा आणि गंधार वरच्या हातात घ्यावा. पियानोवर पेडल असेल तर कॉर्ड बदलताच तो सोडून पुन्हा दाबावा, नाहीतर मागची कॉर्ड पुढचीत मिसळते. तिन्ही स्वर सारख्या जोराने दाबू नयेत. पियानोच्या ‘पियानोफोर्टे’ या पूर्ण नावातच हळू आणि जोरात हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरी यांनी तारेवर हातोडी पडेल अशी रचना केली ती बोटाच्या जोरानुसार आवाज कमी-जास्त व्हावा म्हणूनच. त्यामुळे कीबोर्ड घेताना पालकांनी त्यात किती आवाज आणि किती ठेके आहेत हे पाहण्याऐवजी पट्ट्या बोटाच्या जोराला दाद देतात का, एवढे पाहावे. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा पियानो आपल्या घरांत क्वचितच असतो. एकसष्ट पट्ट्यांच्या, म्हणजे पाच सप्तकांच्या, साध्या कीबोर्डवर वरील सगळा अभ्यास विनासायास होतो. पट्टी बदलून देणारे बटण मात्र पहिली दोन वर्षे झाकून ठेवावे असे माझे ठाम मत आहे. पांढरी एकमध्ये वाजवायचे आणि यंत्राने काळी चार ऐकवायची, ही सवय लागली की मोजणी विसरते आणि कान आळसावतो.

कॉर्डने सगळे येते असा माझा दावा नाही. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवर ठिपक्यांनी लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचणे, दोन्ही हातांत दोन स्वतंत्र चाली खेळवणे, वेगवान पलटे सफाईने वाजवणे, या गोष्टींना वेगळी आणि दीर्घ मेहनत लागते, आणि ज्या मुलांना पाश्चात्त्य अभिजात पियानो शिकायचा आहे त्यांनी ती लहानपणापासूनच केली पाहिजे. परदेशी मंडळांच्या ग्रेड परीक्षा देणाऱ्या मुलांचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत. परंतु परीक्षेच्या रचना वर्षभर घोटणाऱ्या मुलाला त्या रचनेत डावा हात कोणती कॉर्ड वाजवतो आहे हे विचारले आणि त्याला सांगता आले नाही, तर त्याची मेहनत स्मरणशक्तीवर खर्च झाली असे म्हणावे लागते. कॉर्ड ओळखता आली की पानावरच्या सुट्या सुट्या ठिपक्यांमधून शब्द दिसू लागतात, वाचणे सोपे होते आणि पाठांतर टिकते.

माझ्यासारख्या उशिरा शिकणाऱ्यांविषयीही दोन वाक्ये लिहायला हवीत. साठीनंतर बोटांचा वेग येत नाही, सांधे कुरकुरतात, आणि लहान मुलांच्या पुस्तकातल्या एकेका बोटाच्या चाली वाजवताना मन रमत नाही. याउलट कान मात्र आयुष्यभराच्या ऐकण्याने भरलेला असतो. कॉर्डची वाट या भरलेल्या कानाचा उपयोग करून घेते. मी रोज सकाळी वीस मिनिटे बसते. पहिल्या चार महिन्यांत माझ्या मैत्रिणींच्या भजनी मंडळाला मी साधी साथ देऊ लागले, आणि ज्या भावगीतांवर आमची पिढी वाढली ती स्वतःच्या दोन्ही हातांखाली उभी राहताना पाहून जो दिलासा मिळतो, तो आपल्या शहरातल्या आणखी कितीतरी निवृत्त स्त्री-पुरुषांना मिळू शकेल. त्यांना वर्गात प्रवेश द्यायला शिक्षक संकोचतात, आणि ते स्वतःही मुलांच्या शेजारी बसायला संकोचतात. आठवड्यातून एक संध्याकाळ प्रौढांसाठी ठेवली तर दोन्ही संकोच जातील.

आपल्या जिल्ह्याला संगीतशिक्षणाची जी परंपरा लाभली आहे ती थोडीथोडकी नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे मुख्य कार्यालयही मिरजेत आहे. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांना बसणारी मुले येथे घरोघर आहेत. सरगम, ताल आणि श्रुतीची जाण त्यांच्या अंगी असते. अशी तयार जमीन असताना कीबोर्डच्या वर्गांत मुलांना पट्ट्यांवर अक्षरे चिकटवून बसवावे लागते, हे मला मनापासून खटकते. म्हणून सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरात पियानो व कीबोर्डचे वर्ग चालवणाऱ्या सर्व शिक्षकांना माझी विनंती आहे की, पहिल्या महिन्यापासून डाव्या हाताला कॉर्ड द्यावी, ती पांढरी एकबरोबरच काळी एक, काळी चार, काळी पाच या गळ्यांच्या पट्ट्यांतही मोजायला लावावी, आणि वार्षिक कार्यक्रमात प्रत्येक मुलाने निदान एका गाणाऱ्याला यंत्राच्या ठेक्याविना साथ करावी. पालकांनीही घरी आल्यावर ‘किती गाणी बसली?’ याऐवजी ‘आज मी गाते, तू धर,’ असे म्हणून पाहावे. आपल्या दैनिकाने रविवारच्या पुरवणीत या विषयावर शिक्षकांची आणि पेटीवादकांची मते मागवली, विशेषतः माझ्याशी असहमत असलेल्यांची, तर मी आभारी राहीन.

ज्या मुलीचा उल्लेख वर केला ती यंदा दहावीत आहे. अभ्यासामुळे या गणेशोत्सवात रोज आरतीला येणे तिला जमणार नाही, म्हणून तिने आपल्या धाकट्या भावाला काळी चारच्या तीन कॉर्ड आतापासूनच शिकवायला घेतल्या आहेत.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, मिरज